तीन वर्षांचा पक्ष



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्र ऑप्शनला टाकायची विद्यार्थ्यांची सवय जुनी आहे. सर मात्र ते इतिहासाइतकंच जीव ओतून शिकवत. म्हणून आज मी असा विषय घेतला आहे, जिथे हे दोन्ही विषय एकमेकांपासून सुटे करताच येत नाहीत. पश्चिम जर्मनीत २ ऑक्टोबर १९४९ रोजी एक पक्ष स्थापन झाला आणि २३ ऑक्टोबर १९५२ रोजी तिथल्या संघराज्य घटना न्यायालयाने त्याच्यावर बंदी घातली. पक्षाचं नाव सोशलिस्ट राइख पार्टी. आयुष्य अवघं तीन वर्षांचं.

१९३३ साली जर्मनीतली लोकशाही कशी कोसळली, यावर मराठीत पुष्कळ लिहिलं आणि वाचलं गेलं आहे. पण हिटलर मेल्यानंतर चारच वर्षांनी त्याचे अनुयायी पुन्हा लोकांपुढे मतं मागायला उभे राहिले आणि या खेपेला लोकशाही टिकली, ही हकिगत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. हा पक्ष आपल्या मरणाने मेला नाही. त्याला थांबवावं लागलं आणि त्यासाठी तीन निरनिराळी कामं करावी लागली: एक कायद्याचं, दुसरं सत्याचं आणि तिसरं पोटापाण्याचं. यातलं एक काम केलं म्हणून दुसरं टाळता आलं असतं, असं मला वाटत नाही.

आधी त्या वेळची परिस्थिती पाहू. २३ मे १९४९ रोजी पश्चिम जर्मनीची नवी राज्यघटना जाहीर झाली. शहरं अजून ढिगाऱ्यात होती. देशाची फाळणी झालेली होती आणि पूर्वेकडच्या प्रदेशांतून हाकलले गेलेले लाखो जर्मन लोक पश्चिमेकडे आले होते. उत्तरेकडच्या लोअर सॅक्सनी या राज्यात तर दर चार माणसांमागे एकाहून अधिक निर्वासित होते. शेतकऱ्यांच्या घरात, गोठ्यांच्या वरच्या माळ्यांवर, लाकडी बराकींत ही कुटुंबं राहत होती. मूळ गावकऱ्यांना ती नकोशी झालेली, निर्वासितांना गाव परकं. याशिवाय सैन्य विसर्जित झाल्यामुळे निवृत्तिवेतन गेलेले अधिकारी होते आणि नाझी पक्षाचे सदस्य म्हणून नोकरीवरून काढलेले शिक्षक, कारकून, पोलीस होते. या ग्रामीण प्रोटेस्टंट पट्ट्यातल्या कित्येक गावांनी १९३२ साली हिटलरला भरभरून मतं दिली होती. ती गावं तिथेच होती आणि ती माणसंही तिथेच होती.

या जमिनीत हा पक्ष रुजला. दुसऱ्या एका उजव्या पक्षातून बाहेर पडलेल्या मंडळींनी तो काढला. अध्यक्ष फ्रिट्झ डोर्ल्स हे संसदेचे सदस्य होते आणि जुने नाझी होते. पक्षाची सदस्यसंख्या दहा हजारांच्या आसपास असावी. त्याचं म्हणणं असं की, १९४५ मध्ये फक्त सैन्याने शस्त्रं खाली ठेवली. जर्मन साम्राज्य कायद्याने अजून जिवंतच आहे, त्याचा शेवटचा वैध प्रमुख म्हणजे ॲडमिरल ड्यूनिट्झ आणि बॉन या राजधानीतलं चान्सलर आडेनाउअर यांचं सरकार हे विजेत्यांचं बाहुलं. ड्यूनिट्झ त्या वेळी युद्धगुन्हेगार म्हणून बर्लिनच्या श्पान्डाउ तुरुंगात शिक्षा भोगत होते.

पक्षातली माणसं कोणत्या जातकुळीची होती, याचं एकच उदाहरण देतो. संसदेत डॉ. फ्रान्झ रिश्टर नावाचे एक सदस्य होते आणि पुढे ते या पक्षात आले. त्यांचं खरं नाव फ्रिट्झ र्‍योसलर. सॅक्सनीतला नाझी पक्षाचा हा पदाधिकारी. युद्ध संपल्यावर त्याने खोटं नाव, खोटी पदवी आणि खोटा पूर्वेतिहास धारण केला. र्‍योसलर युद्धात गेला असं भासवून त्याने नव्या नावाने स्वतःच्याच पत्नीशी पुन्हा लग्न लावलं. हा माणूस १९४९ साली निवडून येऊन लोकप्रतिनिधी म्हणून कायदे करायला बसला. २० फेब्रुवारी १९५२ रोजी त्याला संसदेच्या इमारतीतच अटक झाली. नवी लोकशाही किती कोवळी होती आणि तिच्या आत कोण येऊन बसलं होतं, हे यावरून कळावं.

६ मे १९५१ रोजी लोअर सॅक्सनीच्या विधिमंडळाची निवडणूक झाली. मतदानाला दोन दिवस उरले असताना, ४ मे रोजी, केंद्र सरकारने जाहीर केलं की या पक्षावर बंदी यावी म्हणून आपण घटना न्यायालयात जाणार आहोत. पक्षाची ‘राइखस्‌फ्रंट’ ही गणवेशधारी छापाची संघटना त्याच निर्णयाने बेकायदा ठरवण्यात आली. लोक बिचकतील, असं कुणाला वाटलं असेल तर तसं घडलं नाही. पक्षाला ११ टक्के मतं आणि १६ जागा मिळाल्या. ऑक्टोबरमध्ये ब्रेमेन या नगरराज्यात ७.७ टक्के मतं आणि ८ जागा मिळाल्या. हे आकडे लहान वाटतील. पण हिटलरच्या पक्षाला १९२८ साली संपूर्ण देशात फक्त २.६ टक्के मतं होती आणि दोनच वर्षांत, सप्टेंबर १९३० मध्ये, ती १८.३ टक्के झाली. बॉन, लंडन आणि वॉशिंग्टनमधल्या अनुभवी माणसांच्या डोळ्यांपुढे तो आलेख होता.

या पक्षाच्या सभांना गर्दी खेचणारा माणूस डोर्ल्स नव्हता. तो होता ऑटो अर्न्स्ट रेमर. त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण पक्षाचं सगळं भांडवल तिच्यात होतं.

२० जुलै १९४४. कर्नल श्टाउफेनबर्ग यांनी पूर्व प्रशियातल्या हिटलरच्या मुख्यालयात बॉम्ब ठेवला आणि हिटलर मेला असं समजून ते बर्लिनला परतले. कट असा होता की, हिटलर मेल्याचं सांगून लष्कराने राजधानी ताब्यात घ्यायची आणि नाझी पुढाऱ्यांना अटक करायची. बर्लिनमधल्या पहारा पलटणीचा प्रमुख होता ३१ वर्षांचा मेजर रेमर. सरकारी कचेऱ्यांचा भाग वेढायचा हुकूम त्याला मिळाला आणि त्याने तो पाळलाही. मग तो प्रचारमंत्री गोबेल्स यांच्या घरी पोचला. गोबेल्सने थेट हिटलरच्या मुख्यालयाला फोन लावला आणि रिसीव्हर मेजरच्या हातात दिला. पलीकडून हिटलरच बोलत होता. आवाज ओळखता का, असं त्याने विचारलं, बंड मोडून काढण्याचे पूर्ण अधिकार दिले आणि फोनवरच रेमरला कर्नल केलं. त्या एका संभाषणानंतर वेढा घालायला निघालेली पलटण उलट फिरली. मध्यरात्र उलटल्यावर लष्करी मुख्यालयाच्या चौकात श्टाउफेनबर्ग आणि त्यांच्या तीन साथीदारांना गोळ्या घातल्या गेल्या. रेमरला वेढ्याचा हुकूम देणारे जनरल फॉन हाझे पुढच्या महिन्यात फासावर गेले. नंतरच्या महिन्यांत आणखी कितीतरी माणसांना मृत्युदंड झाला. रेमर मेजर जनरल होऊन युद्धातून जिवंत बाहेर आला.

सात वर्षांनी हा माणूस गावोगाव सांगत फिरत होता की, मी शपथ पाळली आणि त्यांनी मोडली. ३ मे १९५१ रोजी, निवडणुकीच्या तोंडावर, ब्राउनश्वाइग शहरातल्या सभेत तो म्हणाला की, कटातले काही लोक देशद्रोही होते आणि परदेशाकडून पैसे घेत होते. टाळ्या पडल्या, हे ध्यानात घ्या. त्या काळच्या जर्मनीत हे मत फक्त कडव्या नाझींचं नव्हतं. सैन्यात राहून शेवटपर्यंत लढलेल्या लाखो साध्या माणसांपुढे एक अवघड प्रश्न होता. श्टाउफेनबर्ग बरोबर असेल, तर आपण इतकी वर्षं काय करत होतो? त्या प्रश्नातून सुटण्याचा सोपा मार्ग रेमर देत होता. हुकूम पाळणारा निर्दोष आणि हुकूम मोडणारा गद्दार. ११ टक्के मतांमागे पोटाची भूक होती, तशी या सुटकेचीही भूक होती.

गृहमंत्री रोबर्ट लेर हे स्वतः हिटलरविरोधी वर्तुळात होते. त्यांनी बदनामीची फिर्याद दिली. ती ब्राउनश्वाइगच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात आली, तेव्हा प्रकरण हाताळणाऱ्या वकिलाचं मत पडलं की, खटला उभा राहणार नाही. त्या कार्यालयाचे प्रमुख होते फ्रिट्झ बाउअर. जन्म १९०३, श्टुटगार्ट. ज्यू कुटुंबात जन्मलेले, समाजवादी विचारांचे, तरुणपणीच न्यायाधीश झालेले. १९३३ साली नाझींनी त्यांना छळछावणीत टाकलं. १९३६ मध्ये ते डेन्मार्कला गेले, तिथून पुढे स्वीडनला, आणि १९४९ मध्ये मायदेशी परतले. त्यांनी कागद मागवून घेतले आणि खटला स्वतः चालवायचं ठरवलं.

मार्च १९५२ मध्ये खटला उभा राहिला. बाउअर यांना तो सहज जिंकता आला असता. पैसे घेतल्याचा पुरावा आणा, एवढं म्हटलं असतं तरी रेमर अडकला असता. पण त्यांना रेमरच्या शिक्षेत फारसा रस नव्हता. देशापुढे त्यांना एकच प्रश्न ठेवायचा होता: त्या दिवशी जे मेले ते द्रोही होते का? त्यासाठी त्यांनी इतिहासकार बोलावले, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ बोलावले. जुलमी सत्तेला दिलेली शपथ बांधील असते का, हा प्रश्न न्यायालयात साक्षीदारांच्या तोंडून विचारला गेला. आणि मग बाउअर यांनी आपला युक्तिवाद मांडला. जे राज्य रोज हजारोंनी माणसं मारतं, ते कायद्याचं राज्य राहत नाही. अशा राज्याविरुद्ध प्रतिकार करण्याचा हक्क प्रत्येकाला असतो, आणि जिथे राज्यच बेकायदा आहे तिथे त्याच्याविरुद्ध देशद्रोह होऊ शकत नाही. बाउअर आणि श्टाउफेनबर्ग श्टुटगार्टच्या एकाच शाळेत शिकलेले होते. आपल्या भाषणात बाउअर यांनी त्या शाळेची आठवण काढली. एक ज्यू समाजवादी एका कॅथलिक उमरावाच्या बाजूने उभा होता आणि तोही शत्रूचा शत्रू म्हणून नव्हे, तर त्याच्या कृतीतला न्याय पटल्यामुळे.

न्यायाधीश स्वतः जुने सैनिक होते, स्टालिनग्राडला कैद झालेले. १५ मार्च रोजी निकाल लागला. रेमर दोषी ठरला, तीन महिन्यांची शिक्षा झाली. ती भोगण्याऐवजी तो देशाबाहेर पळाला आणि इजिप्तला पोचला. तीन महिने म्हणजे किरकोळ शिक्षा, असं कुणी म्हणेल. पण हिटलरचं राज्य हे कायद्याचं राज्य नव्हतं आणि त्याच्याविरुद्ध उठलेली माणसं द्रोही नव्हती, हे आता एका जर्मन न्यायालयाने जर्मन भाषेत लिहून ठेवलं होतं. विजेत्यांनी न्यूरेंबर्गला सांगितलेलं सत्य लोक ‘त्यांचं’ म्हणून झटकू शकत होते. हे झटकता येण्यासारखं नव्हतं. दोनच वर्षांनी, जुलै १९५४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष थिओडोर हॉइस यांनी बर्लिनमध्ये कटातल्या माणसांना देशाच्या वतीने जाहीर मान दिला. त्याची वाट ब्राउनश्वाइगमध्ये मोकळी झाली होती.

हे झालं सत्याचं काम. आता कायद्याचं. जर्मन घटनाकारांनी १९३३ चा धडा घेऊन घटनेत २१ वं कलम घातलं. जो पक्ष आपल्या ध्येयांनी किंवा अनुयायांच्या वर्तनाने मुक्त लोकशाही व्यवस्था उलथू पाहतो, तो घटनाविरोधी. पण तसं ठरवण्याचा अधिकार त्यांनी सरकारला दिला नाही, न्यायालयाला दिला. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. सरकारने मे महिन्यात निर्णय घेतला, तेव्हा हे न्यायालय अजून बसलंही नव्हतं. ते सप्टेंबर १९५१ मध्ये कार्ल्सरूह इथे सुरू झालं आणि नोव्हेंबरमध्ये सरकारचा अर्ज तिथे दाखल झाला. सुनावणी, कागदपत्रं, साक्षी असं सगळं रीतसर झालं. न्यायाधीशांनी पक्षाच्या छापील कार्यक्रमावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी पाहिलं की, पदांवर कोण बसलं आहे, ते आधी कुठे होते, अंतर्गत पत्रव्यवहारात काय लिहितात, पक्षात निवडणूक होते की वरून नेमणुका होतात, सभेत कोणती भाषा बोलली जाते. वरच्या पदांवर जुने नाझी, कारभार एकचालकानुवर्ती आणि भाषा तीच. निकाल अटळ आहे हे दिसल्यावर सप्टेंबर १९५२ मध्ये पक्षाने स्वतःच विसर्जन जाहीर करून सुटायचा प्रयत्न केला. न्यायालयाने तो मानला नाही. २३ ऑक्टोबरला पक्ष घटनाविरोधी ठरला, मालमत्ता जप्त झाली, निवडून आलेल्यांच्या जागा गेल्या, पर्यायी पक्ष काढायला मनाई झाली. याच निकालपत्रात न्यायालयाने मुक्त लोकशाही व्यवस्था म्हणजे काय तेही सांगितलं: मानवी हक्कांचा आदर, लोकांचं सार्वभौमत्व, सत्तेची विभागणी, सरकारची जबाबदारी, स्वतंत्र न्यायालयं, अनेक पक्ष आणि विरोधी पक्षाला काम करण्याचा हक्क.

पण नुसत्या बंदीने हे काम झालं असतं, असं मी म्हणणार नाही. हिटलरच्या पक्षावरही १९२३ च्या म्युनिक उठावानंतर बंदी आली होती. १९२५ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. मग १९५२ नंतर तसं का झालं नाही? इथे तिसरं काम येतं. निर्वासितांचा स्वतःचा एक पक्ष १९५१ च्या त्याच निवडणुकीत उभा होता आणि त्याला जवळपास १५ टक्के मतं मिळाली, म्हणजे रेमरच्या पक्षाहून जास्त. तो राज्यात सोशल डेमोक्रॅटिक पक्षाबरोबर सरकारात गेला. निर्वासितांच्या रागाला लोकशाहीच्या आत बोलायला जागा मिळाली. १९५२ च्या उन्हाळ्यात संसदेने नुकसानवाटणीचा कायदा केला. ज्यांची घरंदारं युद्धातून वाचली, त्यांच्या मालमत्तेवर आकारणी करून ज्यांचं सगळं गेलं त्यांना भरपाई द्यायची. अपुरी होती, उशिरा मिळाली, पण मिळाली. कारखाने सुरू झाले, घरं बांधली गेली. बराकीतून घरात गेलेल्या माणसाला मरण पावलेलं साम्राज्य परत मिळवण्याची निकड उरली नाही.

या यशाची किंमतही सांगायला हवी, नाहीतर मी अर्धंच सांगितलं असं होईल. ज्या मे महिन्यात पक्षाला ११ टक्के मतं पडली, त्याच महिन्यात जाहीर झालेल्या कायद्याने नाझी काळातल्या हजारो बडतर्फ नोकरांना सरकारी सेवेत परतण्याचा हक्क मिळाला. न्यूरेंबर्गच्या वंशभेदी कायद्यांवर भाष्य लिहिणारे हान्स ग्लोबके १९५३ मध्ये चान्सलरच्या कार्यालयाचे प्रमुख झाले. नाझी मतदार लोकशाहीत आला, हे खरं. पण त्याला सामावून घेताना मारले गेलेल्यांच्या न्यायाला फार वाट पाहावी लागली. १९५७ मध्ये ज्यूंच्या हत्याकांडातला एक प्रमुख नाझी अधिकारी आइशमन अर्जेंटिनात असल्याची माहिती बाउअर यांना मिळाली, तेव्हा ती त्यांनी आपल्या देशाच्या यंत्रणेला न देता इस्रायलला कळवली, कारण त्या यंत्रणेतून ती फुटेल अशी त्यांना धास्ती होती. १९६३ मध्ये त्यांच्याच चिकाटीने फ्रँकफुर्टमध्ये आउश्विट्झचा खटला उभा राहिला. बंदीच्या हत्याराला दुसरी धारही होती. १९५६ मध्ये कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली आणि हजारो माणसं चौकशीच्या फेऱ्यात सापडली, त्यांतल्या कित्येकांनी नाझींच्या छावण्या भोगलेल्या होत्या. त्या अनुभवाने तिथलं न्यायालय सावध होत गेलं. २०१७ मध्ये दुसऱ्या एका अतिउजव्या पक्षाची ध्येयं घटनाविरोधी ठरवूनही न्यायालयाने बंदी नाकारली, कारण ती ध्येयं गाठण्याची ताकद त्या पक्षात दिसत नव्हती.

या इतिहासाचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. मार्च १९३३ मध्ये हिटलरने दोनतृतीयांश बहुमताने, घटनेतल्या तरतुदीचा आधार घेऊनच संसदेचे अधिकार काढून घेतले होते. म्हणून नव्या जर्मन घटनेत काही तत्त्वं कोणत्याही बहुमताने बदलता येणार नाहीत, असं ७९ व्या कलमात लिहिलं गेलं. १९६५ मध्ये डीटर कॉनराड हे जर्मन कायदेपंडित बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यानाला आले. त्यांनी विचारलं, उद्या तुमच्या संसदेने जीविताच्या हक्काचं २१ वं कलमच काढून टाकलं तर चालेल का? तो विचार आधी आपल्या सर्वोच्च न्यायालयातल्या गोलकनाथ खटल्यात वकिलांच्या हाती आला आणि पुढे केशवानंद भारती खटल्यात मुंबईचे नानी पालखीवाला घटनेच्या पायासाठी झगडले. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा मतांनी, घटनेची मूलभूत चौकट संसदेला बदलता येणार नाही, हे तत्त्व मान्य झालं. कॉनराड यांच्या विचाराचा उल्लेख त्या निकालपत्रात आहे. पक्षबंदीचा जर्मन मार्ग मात्र आपण घेतला नाही. आपल्याकडे नोंदणी करताना पक्षाला लोकशाही आणि धर्मनिरपेक्षतेवर निष्ठा लिहून द्यावी लागते; पण ती पाळली नाही म्हणून नोंदणी काढण्याचा सर्वसाधारण अधिकार निवडणूक आयोगाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं. आपण घटनेचा पाया न्यायालयाकडे सोपवला आणि पक्षांचा न्याय मतदाराकडे ठेवला.

म्हणजे इथे तुमच्या-माझ्यावरची जबाबदारी जर्मन नागरिकापेक्षा मोठी आहे. सोशलिस्ट राइख पार्टीच्या इतिहासातून ती कशी पार पाडायची, हे मला असं दिसतं. पक्षाला त्याच्या जाहीरनाम्यावरून ओळखू नये, त्याची माणसं, त्याची भाषा आणि आतला कारभार पाहावा. तो लहान असतानाच पाहावा, आणि आरोप करायचा तर पुराव्यानिशी करावा. ज्यांच्या मागण्या खऱ्या आहेत, त्यांना त्या मागण्यांसाठी अशा पक्षाच्या दारात जायची वेळ येऊ देऊ नये. आणि मेलेल्यांबद्दल खोटं बोललं जात असेल, तर ते ‘जुनं झालं’ म्हणून सोडून देऊ नये. रेमर मरेपर्यंत बदलला नाही. म्हातारपणी ज्यूंचं हत्याकांड नाकारल्याबद्दल त्याला पुन्हा शिक्षा झाली, ती चुकवायला तो स्पेनला पळाला आणि १९९७ मध्ये तिथेच वारला. पण त्याच्यामागे पक्ष उरला नव्हता. त्याच्या खोट्याला उत्तर द्यायची सुरुवात राजधानीत झाली नाही. ती एका प्रांतिक शहरातल्या सरकारी वकिलाने, सहकारी नको म्हणत असताना, समोर आलेला कागद बाजूला न सारता केली. असे कागद आपल्यापुढेही येतात. शाळेत येतात, नगरपालिकेत येतात, वर्तमानपत्राच्या टेबलावर येतात. ते बाजूला न सारणं हेच नागरिकाचं काम आहे, आणि माझी खात्री आहे की सरांनी आयुष्यभर वर्गात हेच शिकवलं.